काही काम नाही, फिरायला निघालोय

(संघटनेच्या साताऱ्यातील तिळगूळ मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



दरवर्षी या मेळाव्यात आपण एखादा गंभीर विषय घेतो. हुंडा, पोटगी, दारूबंदी, गर्भलिंगनिदान, रेशन. यंदा मला सहलीवर बोलायचंय असं मी बैठकीत सांगितलं, तेव्हा दोघीतिघी हसल्या. एक म्हणाली, "सहलीवर काय बोलणार बाई? डबा काय न्यायचा ते?" डब्यावर तर बोलणारच आहे. पण आधी एक प्रश्न विचारते. गेल्या वर्षभरात काहीही काम नसताना, घरातलं कुणी बरोबर नसताना, एखाद्या मैत्रिणीबरोबर दिवसभर गावाबाहेर गेलेल्या किती जणी आहेत इथं? हात वर करा.

(सुमारे साठ जणींपैकी चार हात वर झाले. — सं.)

चार. आता मला सांगा, आपण घरात बसणाऱ्या बायका आहोत का? मुळीच नाही. आपण माहेरी जातो, दवाखान्यात जातो, लग्नाला, बारशाला, दहाव्याला जातो. बँकेत, बाजारात, मुलांच्या शाळेत जातो. पौष पौर्णिमेला मांढरदेवीला जातो, आषाढात वारीला जातो. आपल्या संघटनेतल्या बायका मोर्चासाठी मुंबईपर्यंत जातात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जन्मदिवशी गाडी भरून नायगावला जातो. म्हणजे उंबरठा आपण ओलांडलेला आहे. पण या प्रत्येक जाण्याला एक कारण आहे. कारण सांगितलं की दार उघडतं. कारण नसेल तर दारात प्रश्न उभा राहतो, "कशाला?"

आपल्या चळवळीनं बाईला घराबाहेर काढलं, हे खरंच आहे. शिक्षणासाठी काढलं, नोकरीसाठी काढलं, सभेसाठी काढलं. ती कारणं मोलाचीच होती, त्यासाठी आधीच्या बायकांनी शेणगोळे झेलले. पण त्यामुळे झालंय असं, की बाहेर पडलेल्या बाईजवळ एखादं चांगलं कारण असलंच पाहिजे हे आपणही धरून चालतो. २०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांच्या वावरण्याचा अभ्यास करून ‘व्हाय लॉयटर?’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की रस्त्यावरच्या बाईला आपण काही कामासाठी आलोय हे सारखं दाखवत राहावं लागतं. पुरुष पानटपरीवर तासभर नुसता उभा राहू शकतो. बाईनं मात्र हातात पिशवी धरायची, घड्याळ बघायचं, लगबगीनं चालायचं. म्हणून नुसतं रेंगाळण्याचा हक्कसुद्धा मागायला हवा, असं त्या म्हणतात.

ते मुंबईचं झालं. मी आपल्या साताऱ्याचं सांगते.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका बुधवारी, मी आणि माझी एक मैत्रीण तिच्या स्कूटरवरून फिरायला गेलो. लिंबची विहीर, तिथून वाई, मेणवली आणि परत. जाऊन-येऊन साधारण ऐंशी किलोमीटर. सकाळी साडेसातला निघालो, संध्याकाळी सहाच्या आत घरी आलो. यात पराक्रम काही नाही. पण या एका दिवसात जे जे आड आलं त्याची मैत्रिणीनं एका वहीत नोंद ठेवली. ती वही मी आज बरोबर आणली आहे.

पहिली नोंद वेळेची आहे. मी पहाटे साडेचारला उठले. दोन वेळचा स्वयंपाक केला, पाणी भरलं, सासूबाईंच्या गोळ्या डब्यात काढून ठेवल्या, दुपारचं ताट झाकून ठेवलं. कपडे आदल्या रात्रीच धुतले होते. एका दिवसाच्या मोकळिकीसाठी दीड दिवसाचं काम आधी उपसावं लागलं. घरोघर हेच चालतं. केंद्र सरकारनं २०२४ साली केलेल्या वेळवापराच्या पाहणीत असं दिसलं, की घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि जे पुरुष असं काम करतात त्यांची ८८. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं वाचवून घेतली!

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. जोतीराव फुल्यांचे ते सत्यशोधक सहकारी. कामगाराला शरीर विसावायला आणि समाजाचं काम करायला एक दिवस हवा, ही मागणी त्या काळी क्रांतिकारकच होती. पण त्या रविवारी गिरणीतली कामगार बाई काय करत असेल? आठवड्याचं धुणं, दळण, निवडणं. तिच्या घरातल्या कामाला सुट्टी आहे की नाही, हा प्रश्न कुणाच्या मनात आला नाही. तो आपण आज विचारतोय.

दुसरी नोंद आहे ‘कशाला’ची. निघाल्यापासून परत येईपर्यंत हा प्रश्न आम्हाला अकरा वेळा विचारला गेला. माझी मैत्रीण शिवणकाम करते. बावीस वर्षांपूर्वी तिनं नवऱ्याचं घर सोडलं. तेव्हा अशा बाईला ‘टाकलेली’ म्हणायचे. मग चळवळीनं ‘परित्यक्ता’ म्हणायला शिकवलं. आता ‘एकल’ म्हणतात. शब्द बदलत गेले, पण आळीची नजर तीच राहिली. मला विचारणारी माणसं घरात तीन आहेत, तिला विचारणारी अख्खी आळी आहे. समोरच्या काकूंनी विचारलं, "एवढ्या सकाळी कुठं गं?" ती म्हणाली, "फिरायला." काकू म्हणाल्या, "ते कळलं गं, पण कशाला?" म्हणजे ‘फिरायला’ हे उत्तर त्यांना उत्तरच वाटलं नाही.

हमरस्त्यावर धुकं होतं. दोघींनी स्वेटर घातले होते, हेल्मेटखाली कानाला रुमाल बांधले होते. लिंब फाट्याला आत वळलो. लिंबची बारा मोटांची विहीर इथून पंधराएक किलोमीटरवर आहे. माझं लग्न होऊन साताऱ्यात येऊन चौतीस वर्षं झाली, विहीर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तुमच्यापैकी अनेकींची गोष्ट अशीच असणार, कारण विहीर बघणं हे काही काम नव्हे.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. विहीर अष्टकोनी आहे. पायऱ्या उतरून गेलं की मध्ये दगडी दालन लागतं. खांबांवर, भिंतींवर शिल्पं कोरली आहेत. विहिरीचा व्यास पन्नास फूट आणि खोली एकशे दहा फूट असल्याचं सांगतात. एका वेळी बारा मोटा चालायच्या म्हणून हे नाव. पाणी जायचं आमराईला. आणि तिथल्या शिलालेखात काम शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात झाल्याचं कोरलंय, आणि नाव आहे श्रीमंत विरूबाई भोसले. छत्रपती शाहू महाराजांच्या घरातली ही कर्तबगार बाई. तीनशे वर्षं झाली, दगडावर एका बाईचं नाव आहे, तेही आपल्या तालुक्यात, आणि आपण ते वाचायला गेलो नाही. तिथले दगड वाहणाऱ्या बायाही असणार, त्यांची नावं अर्थातच कुठं कोरलेली नाहीत. हे सगळं आम्ही पायरीवर बसून बोलत होतो, तेव्हा एका गृहस्थांनी विचारलं, "ताई, शाळेची ट्रिप मागनं येतीय का?" दोन प्रौढ बायका सकाळी विहिरीवर आहेत म्हणजे त्या शिक्षिका असणार, पुढं व्यवस्था बघायला आल्या असणार. मैत्रीण म्हणाली, "नाही दादा, आमचीच ट्रिप आहे." ते गोंधळले, पण मग त्यांनी आपणहून शिलालेख कुठं आहे ते दाखवलं. माणसं वाईट नसतात. त्यांना असं दृश्य बघायची सवय नसते. ती सवय आपणच लावायला हवी.

तिसरी नोंद लघवीची आहे. लाजू नका, हा विषय आपण बोलायचा नाही तर कुणी? मी घरून निघताना चहाही अर्धाच घेतला होता. प्रवासात पाणी प्यायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवत नाही, आपोआप अंगात भिनतं. मग जळजळ, ताप, जंतुसंसर्ग. दवाखान्यात गेलं की डॉक्टर म्हणतात, पाणी भरपूर प्या! वाटेत एका पेट्रोल पंपावर थांबलो. पुरुषांचा संडास उघडा, बायकांच्या दाराला कुलूप. किल्ली विचारली तर "मालकांकडं हाय, मालक गावाला गेल्यात." खरं तर पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि चाकात भरायची हवा या सोयी मोफत द्याव्याच लागतात. मैत्रिणीनं आवाज न चढवता तक्रार वही मागितली. वहीचं नाव निघाल्यावर दोन मिनिटांत किल्ली सापडली. ही गोष्ट लक्षात ठेवा. तक्रार वही मागायची. २०११ पासून मुंबईत ‘राइट टू पी’ या नावानं बायकांनी मोफत, स्वच्छ मुताऱ्यांसाठी मोहीम चालवली. जिथं बाईला लघवीला जागा नाही, तिथं बाईनं येऊ नये असंच तो रस्ता सांगत असतो.

पाचवडच्या अलीकडे उसानं भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. गळीत हंगाम सुरू आहे. चहाच्या टपरीवर आम्ही थांबलो, तिथं ऊसतोड करणारी एक बाई पाण्याची कळशी भरून घेत होती. बीडकडची. तिनं विचारलं, "कुठं निघालाव बाई?" मी म्हटलं, "काही काम नाही, फिरायला निघालोय." ती हसली. म्हणाली, "आमचं तर फिरनंच सरंना."

हे वाक्य मी वहीत लिहायला लावलं, कारण आज मी काहीही बोलले तरी या वाक्याला उत्तर द्यावंच लागेल. तुमच्यापैकी काही जणी मनात म्हणत असतील, ही सहलबिहल मध्यमवर्गीय बायकांची थेरं आहेत. पोटाची मारामार असलेल्या बाईला कसली सहल? मी यावर पुष्कळ विचार केला. ती बाई सहा महिने रस्त्यावर असते, पण मर्जीनं नाही. मुकादमाची उचल असते नवऱ्याच्या नावावर. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, म्हणजे हिशेबात ती वेगळी माणूससुद्धा नाही. एक दिवस कामावर गेलं नाही तर तो ‘खाडा’, त्याचा दंड कापला जातो. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण बायकांनी स्वतः सांगितलंय. एक रिकामा दिवस हातात नाही म्हणून बाई शरीराचा एक अवयव काढून टाकते! तेव्हा रिकामा दिवस ही चैन आहे असं मला कुणी सांगू नये. ज्या बाईला तो सर्वांत कमी मिळतो, तिला त्याची गरज सर्वांत जास्त आहे. तिच्यासाठी त्याचा अर्थ फिरणं नसेल, एक दिवस पालाच्या सावलीत नुसतं पडून राहणं असेल. मागणी एकच आहे. आपला वेळ आणि आपले पाय, हे दोन्ही आपल्या मर्जीचे असले पाहिजेत.

वाईला पोचलो, मिसळ खाल्ली, ढोल्या गणपतीच्या घाटावर थोडं थांबलो. मग तीन किलोमीटरवरच्या मेणवलीला गेलो. नाना फडणविसांचा वाडा, त्याच्या मागं कृष्णेचा घाट. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आणलेली मोठी घंटा तिथं टांगलेली आहे. ‘स्वदेस’ सिनेमात हा घाट दिसतो, तेव्हापासून लांबलांबची माणसं बघायला येतात. घाटावर एक मावशी धुणं धूत होत्या. आम्ही पायरीवर ऊन खात बसलो, वाटेत घेतलेले हरभऱ्याचे ढाळे सोलत होतो. मावशींनी विचारलंच, "कशाला आलाय?" मैत्रीण म्हणाली, "बसायला." मावशी पिळे बादलीत टाकत म्हणाल्या, "मी रोज येते बघा, पण बसत न्हाई कधी. धुणं झालं की वर." आम्ही ढाळा पुढे केला. त्या दहा मिनिटं बसल्या. सुनेबद्दल, गुडघ्याबद्दल बोलल्या. नंतर गप्प बसून पाणी बघत होत्या. लोक गाड्या करून ज्या घाटावर येतात, त्या घाटावर त्याच गावातली बाई रोज येऊनही बसत नाही. असे कितीतरी पार, देवळांचे ओटे, नदीकाठ गावोगाव आहेत. तिथं पुरुष बसतात आणि बायका काम उरकून जातात.

चौथी नोंद पैशाची आहे. पेट्रोल २१० रुपये, मिसळ १६०, दोन वेळा चहा ४०, ढाळे आणि पेरू ४०. एकूण ४५०. निम्मे तिचे, निम्मे माझे. २२५ रुपये मी माझ्यासाठी खर्च केले आणि घरी हिशेब दिला नाही. स्कूटर नसेल तर एसटी आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. त्यावर टिंगल झाली, बायका उगाच फिरत सुटल्या म्हणून. मला ते ‘उगाच’ फार आवडलं. उगाच फिरणारी बाई ही सवलतीचा गैरफायदा घेत नाही, तिच्यासाठी ती सवलत प्रथमच खऱ्या अर्थानं वापरली जाते.

आता नेहमीचा आक्षेप, दिवस बरे नाहीत. बायकांनी एकटं फिरू नये. आधी तर आम्ही दोघी होतो, पण पुरुष बरोबर नसेल तर कितीही बायका ‘एकट्याच’ असतात! रस्त्यावर धोका नाही असं मी म्हणत नाही. म्हणूनच आम्ही उजेडात निघालो, उजेडात परतलो, एका विश्वासाच्या माणसाला रस्ता सांगून ठेवला. पण स्त्रियांवरच्या अत्याचारांची सरकारी आकडेवारी उघडून बघा. नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा असतो. तरी "घरात राहू नकोस, दिवस बरे नाहीत" असं लेकीला कुणी सांगत नाही. धोक्याचं नाव सांगून बाईला जिथं परत पाठवलं जातं, ते घर तिच्यासाठी सुरक्षित आहे का, हे आधी तपासावं.

शेवटची नोंद मैत्रीची. अकरांपैकी चार वेळा ‘कशाला’नंतर "मालक कुठं आहेत?" हे विचारलं गेलं. "मित्राबरोबर गेलो होतो" हे पुरुषानं सांगितलं की विषय संपतो. बाईची मैत्रीण म्हणजे मात्र लग्नाआधीची, शाळेतली, आठवणीतली. बहीण, जाऊ, नणंद, विहीण या नात्यांना समाजात जागा आहे. मंगळागौरीला बायका रात्र जागवतात, तीही लग्नाच्या नावानं. मैत्रिणीच्या नावानं एकही दिवस नाही. माझ्या मैत्रिणीच्या पडत्या काळात तिच्या पाठीशी कोण उभं राहिलं? आपल्यासारख्या बायकाच. पण आपण एकमेकींना भेटतो ते संकटात, पोलीस चौकीत, कोर्टात. सुखानं, उन्हात बसून भेटायचं राहूनच जातं. तिच्याशी माझी बावीस वर्षांची ओळख आहे. तिला पोहता येतं आणि नदीची भीती मात्र वाटते, हे मला त्या दिवशी मेणवलीत कळलं.

तर आता ठराव नाही, पण काही सूचना मांडते. पटल्या तर घ्या.

एक, होळीच्या आत, म्हणजे थंडी सरायच्या आत, प्रत्येकीनं एका मैत्रिणीबरोबर एक दिवस बाहेर जायचं. पन्नास किलोमीटरच्या आत. देव नको, नातेवाईक नकोत, काम नको.

दोन, जायला परवानगी मागायची नाही. "बुधवारी मी जाणार आहे" एवढं सांगायचं. ज्या घरात एवढं सांगितल्यानंही मार बसेल, तिथं एकटीनं हे करू नका. आधी संघटनेत बोला. त्या बहिणीसाठी सुरुवात आळीतल्या पारावर तासभर आपल्याबरोबर बसण्यानं होऊ शकते. तेही फिरणंच आहे.

तीन, डबा. मी सुरुवातीला म्हटलं होतं त्यावर बोलणार. डबा आपल्यासाठी न्यायचा, मागच्यांसाठी दोन वेळचा करून ठेवायचा नाही. एक वेळ घरातल्यांनी शिजवायचं. मी या वेळी दोन्ही वेळचा केला होता, पुढच्या वेळी एकाच वेळचा करीन असं घरी सांगून झालंय.

चार, प्रत्येकीनं वही न्यायची. कुठे मुतारी उघडी होती, कुठे कुलूप होतं, कुठे पाणी नव्हतं, ते तारखेसह लिहायचं. चाळीस वह्या जमल्या की त्याचं निवेदन होईल. ते घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ.

पाच, ऊसतोड बायकांना हंगामात आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी आणि खाड्याचा दंड बंद, ही मागणी यंदाच्या ८ मार्चच्या पत्रकात पहिली असावी. आपल्या सहलीच्या गोष्टी सांगताना तिची गोष्ट मागं पडता कामा नये.

पुढची बैठक फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आहे. येताना वह्या आणा, आणि ‘कशाला’ किती वेळा ऐकलं तो आकडाही आणा. तिळगूळ घ्या, गोड बोला असं म्हणतात. ‘कशाला’ विचारणाऱ्यांशीही गोडच बोला, पण उत्तर एवढंच द्या, "काही काम नाही, फिरायला निघालोय."